विहिरीच्या पाण्यानं धुतलेली गाडी

झेवियर गोन्साल्विसला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक, आजोबांनी खणलेली विहीर. दुसरी, रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशांनी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी. एकीपायी दुसरीची वाट लागेल, असं त्याला कोणी आधी सांगितलं असतं, तर झेवियरनं त्या माणसाला घरात बसवून माठातलं गार पाणी पाजलं असतं आणि मग हाकलून दिलं असतं.

मालाडला मार्वे रोडवरून खाडीच्या अंगाला वळलं की एक गावठाण लागतं. त्यातली शेवटची क्रुसाची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी क्रूस, टोकाला विहीर आणि विहिरीसमोर झेवियरचं घर. आजूबाजूला टॉवर उठले, प्रत्येक घरात नळ आले, गल्लीतल्या बाकीच्यांनी विहिरीकडे पाठ फिरवली. झेवियरनं मात्र स्वतःच्या खर्चानं मोटर बसवली आणि सांगून टाकलं, की या घरात नळाचं पाणी भांडी घासायला आणि आंघोळीला. प्यायला विहिरीचं.

पाहुणा आला की त्याला खुर्चीआधी पाण्याचा ग्लास मिळायचा. "पी," झेवियर म्हणायचा, "आणि खरं सांग. साखर घातल्यासारखं लागतं की नाही?" पाहुणा प्यायचा. पाणी खरोखरच गोड असायचं. मग झेवियर नळाच्या पाण्याची निंदा सुरू करायचा. त्याला चव नाही, त्याला औषधाचा वास येतो, ते प्यायल्यावर तहान भागत नाही. चौतीस वर्षं अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस, वास ओळखण्याच्या बाबतीत त्याच्याशी कोण वाद घालणार? बायको अँजेलिना तेवढ्यात ग्लास उचलून आत जायची. माठ भरायचं काम तिचं. झेवियर सकाळी पाव आणायला बाहेर पडला की ती माठ घासून भरून ठेवायची. निंदा ऐकत बसायला तिला वेळ नसे.

आता गावठाणात गाड्या झाल्या आणि जागा उरली नाही. झेवियरचा पुतण्या ॲश्टन, मोठ्या भावाचा मुलगा, गल्लीच्या मधल्या घरात राहणारा, त्यानं नवी गाडी घेतली. ती तो मार्वे रोडला जिथे मिळेल तिथे लावायचा आणि तिथून रिक्षा करून घरी यायचा. गाडीपासून घरापर्यंत रिक्षा करणारा मालाडमधला तो एकटाच असेल. वैतागून त्यानं गल्लीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, की विहीर कोणी वापरत नाही, तिच्यावर स्लॅब टाकू, चांगल्या चार गाड्या राहतील.

गल्लीतल्या माना हलायला लागल्या. झेवियर उठला.

"गोड्या पाण्याच्या विहिरीवर स्लॅब घालणार? तुझ्या पणजोबांनी दगड फोडून काढलंय ते पाणी. खाडी इथून हाकेच्या अंतरावर, आणि आत पाणी गोड! अरे, चमत्कार आहे तो."

"काका, पण पितं कोण?"

"मी पितो. आणि तुझं लग्न आहे ना रे महिन्यावर? उंबराचं पाणी कुठून आणणार? टॉवरच्या टाकीतून?"

उंबराच्या पाण्याशिवाय गावठाणातल्या या ख्रिस्ती लोकांचं लग्न लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, बँड लावून, गाणी म्हणत विहिरीवर जातात, पाणी काढून आणतात आणि त्या पाण्यानं नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात. पूर्वी विहिरीशी उंबराचं झाड असायचं. झाड गेलं, नाव राहिलं.

"मिनरल वॉटरचा कॅन आणू," ॲश्टन म्हणाला. तो गमतीत म्हणाला होता, पण मीटिंगमधल्या म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो गप्प बसला. शेवटी ठरलं असं, की ॲश्टनचं लग्न होऊ दे, मग बघू. आणि पाणी गोड असेल तर स्लॅबचं नावही काढायचं नाही. गोडं पाणी बुजवायचं पाप कोणाला नको होतं. झेवियर मीटिंगमधून छाती पुढे काढून घरी गेला, कारण पाण्याची त्याला खात्री होती.

राहिली गाडी. अँजेलिनाला गुडघ्यांमुळे रिक्षात चढणं जड जायचं, म्हणून ती घेतली, असं झेवियर सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्याला ती आवडली होती. आवाज नाही, धूर नाही, खिडकीतून वायर सोडली की रात्रभरात पोट भरतं. दर रविवारी चर्चमधल्या मासच्या आधी तो गाडी विहिरीशी आणायचा, मोटर लावायचा आणि पाइपनं तिला न्हाऊ घालायचा. वरून धुणाऱ्यांची त्याला कीव येई. गाडीचा खरा मळ पोटाखाली बसतो, असं त्याचं मत होतं. म्हणून तो पाइप घेऊन जवळजवळ जमिनीवर आडवा व्हायचा आणि चाकांच्या आतल्या बाजूला, जिथे कंपनीनंही कधी पाहिलं नसेल तिथे, पाण्याची धार मारायचा. तोंडावर उडालेलं पाणी कधी ओठांना खारट लागायचं. पण एवढ्या मेहनतीनं घाम येणारच, असं म्हणून तो बाहीनं तोंड पुसायचा.

एका रविवारी गाडी धुऊन झाली, कोरडी झाली, अँजेलिना नव्या ड्रेसमध्ये पुढे बसली आणि गाडी हललीच नाही.

समोरच्या स्क्रीनवर पार्किंग ब्रेकचं लाल चिन्ह पेटलं. झेवियरनं ब्रेक सोडायचं बटण दाबलं. गाडीनं टुंग केलं. त्यानं हळूच दाबलं, जोरात दाबलं, छातीवर क्रूस काढून दाबलं. प्रत्येक वेळी टुंग. शेजारपाजारचे आले, ढकलून पाहिलं. पुढची चाकं तयार होती, मागची दोन्ही जागच्या जागी आवळलेली. अँजेलिना शेवटी उतरली, रिक्षात कशीबशी चढली आणि मासला गेली. झेवियर गाडीपाशीच राहिला.

"आधीच्या गाडीला दांडा होता," तो जमलेल्यांना सांगत होता. "हातानं ओढायचा, हातानं सोडायचा. अडकला तर एक लाथ. याला लाथ घालायची कुठे? बटणाला?"

ॲश्टन बाल्कनीतून बघत होता. "काका, विहिरीशी पार्किंग झालंच की!" तो ओरडला. झेवियरनं वर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरमधून अनुपमा नावाची मुलगी आली. सर्व्हिस ॲडव्हायझर, मुलुंडची, बोलायला चटपटीत. सोबत मेकॅनिक. गाडी उचलून न्यायला मोठा ट्रक आणला होता, पण तो क्रुसाच्या गल्लीत शिरेना, म्हणून तपासणी विहिरीशीच झाली. मागची चाकं काढली. आतून तांबड्या गंजाचे पापुद्रे गळले. मेकॅनिकनं बोट फिरवलं, बोटावर पांढरी पूड आली.

"सर, ब्रेकची मोटर गेलीय. दोन्ही बाजूंची," अनुपमा म्हणाली. "वायरिंग पण खाल्लंय. शहाऐंशी हजार होतील."

झेवियरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अगं, गाडी नाही विचारत मी. ब्रेक."

"ब्रेकच सांगतेय, सर."

"मोटर तेवढी बदला ना."

"मोटर सुटी मिळत नाही. अख्खा कॅलिपर येतो, चाक आवळणारा भाग मोटरसकट."

"कुठलं तरी एकच चाक जास्त खराब असेल ना? तेवढं करा."

"दोन्ही बरोबरच बदलावे लागतात."

"म्हणजे दुसऱ्यानं काही केलं नसलं तरी त्याला शिक्षा?"

अनुपमाला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "आणि मग नवा ब्रेक गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला लावावा लागतो. त्याचे वेगळे."

"ओळख करून द्यायचे पैसे?" झेवियर खाली बसला. विहिरीच्या कट्ट्यावर. "वॉरंटी आहे ना गं?"

"वॉरंटी आहे. पण हे मीठ आहे, सर." तिनं बोटावरची पूड दाखवली. "गाडी समुद्रात घातली होती का? मार्वेच्या वाळूत, लाटांत, व्हिडिओ-बिडिओ काढायला?"

झेवियर उठला. त्याला आयुष्यात पुष्कळ अपमान सहन करावे लागले होते, पण या वयात बीचवर गाडी पळवणारा पोरगा कोणी ठरवलं नव्हतं.

"ही गाडी फक्त या विहिरीच्या पाण्यानं धुतली जाते."

"मग विहीर खारी असेल," अनुपमा म्हणाली. "तसं असेल तर बरंच आहे, काका." काळजीनं ती सरवरून काकावर आली होती. "समुद्रात घातलेल्या गाडीला वॉरंटी नाही. पण तुमच्याकडे धुण्याचंच पाणी खारं असेल, तर त्यात तुमची चूक नाही. मी वर सांगून करून घेते. एक पैसा लागणार नाही."

ॲश्टन एव्हाना खाली उतरून मागे उभा होता. फोनवर बँडवाल्याशी बोलत होता, तो बोलायचा थांबला.

"खारी?" झेवियर म्हणाला. "अँजेलिन! ग्लास आण!"

अँजेलिना दारात उभी होती. ती आत गेली आणि, झेवियरला वाटलं, ग्लास आणायला जरा जास्तच वेळ लावला. तिनं माठातलं पाणी आणून अनुपमाच्या हातात दिलं. अनुपमा प्यायली, उन्हातून आली होती म्हणून सगळा ग्लास रिकामा केला.

"गोड आहे हो," ती म्हणाली.

"बघ!" झेवियरनं ॲश्टनकडे पाहून हात उडवला.

"पण मग," अनुपमा ओशाळून म्हणाली, "मग मीठ समुद्राचंच, काका. वॉरंटी नाही बसणार."

आपण आपल्याच हातानं स्वतःवर गुन्हा सिद्ध केला, हे झेवियरच्या लक्षात यायला एक क्षण लागला. लक्षात आल्यावर तो जास्तच पेटला. खोटारडा ठरणं त्याला शहाऐंशी हजारांपेक्षा महाग वाटत होतं.

"माठातलं नको तर विहिरीतलं बघा. सगळ्यांसमोर." त्यानं कट्ट्यावरची बादली विहिरीत सोडली, दोर ओढला, लोटा भरला. "हे मी पितो. मग तू पी. मग तो मेकॅनिक. मग हा," त्यानं ॲश्टनकडे बोट दाखवलं, "स्लॅबवाला."

लोटा तोंडाशी गेला आणि अँजेलिनाचा हात त्याच्या मनगटावर आला. गुडघे दुखत असताना ती कधी आणि कशी धावत आली, कोणाला कळलं नाही. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"पिऊ नको, झेवियर. खारं आहे. तू बीपीचा माणूस."

"काय बडबडतेस?"

"तुझी अँजिओप्लास्टी झाली ना, त्या पावसाळ्यानंतर डाळ शिजेना. चाखून बघितलं तर खाडीच. तेव्हापासून माठात नळाचं भरते मी."

झेवियरच्या हातात लोटा होता. समोर अनुपमा, कागदावर पेन टेकवून. बाजूला मेकॅनिक. मागे ॲश्टन, फोन कानाला, पण लक्ष इकडे. खारं आहे, एवढं म्हटलं की ब्रेक फुकट. आणि एवढं म्हटलं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोण्या येणार, आजोबांच्या दगडांवर चार गाड्या उभ्या राहणार. त्याला कधी नव्हे ते आजोबांच्या हातांची आठवण झाली. त्यांची नखं दगड फोडून फुटलेली असायची.

त्यानं लोटा तोंडाला लावला आणि अर्धा संपवला.

त्याचा चेहरा आधी आवळला, मग पसरला, मग डोळ्यांत पाणी आलं. गळ्याची घाटी वर गेली ती बराच वेळ खाली येईना. सगळे वाट बघत होते.

"गोड आहे," झेवियर म्हणाला.

"काका, नक्की?" अनुपमानं विचारलं. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. "तुम्ही फक्त खारं आहे म्हणा. मी बघते पुढचं."

"चौतीस वर्षं औषधांच्या स्टोअरमध्ये होतो मी. मला चव कळते." त्यानं उरलेला लोटा पटकन झाडाच्या कुंडीत ओतला, म्हणजे दुसऱ्या कोणाला प्यायची वेळ येऊ नये. "लिही. गोड. बिल कर."

 ॲश्टन परत फोनवर बँडवाल्याशी बोलायला लागला.

संध्याकाळी चहाच्या वेळी नवरा-बायको समोरासमोर बसली.

"म्हणजे इतकी वर्षं मी नळाचं पाणी प्यायलो," झेवियर म्हणाला.

"हो."

"आणि रोज म्हणत होतो, नळाच्या पाण्याला चव नाही."

"रोज. ते पीत पीत."

झेवियरला हसावं की रडावं कळेना. "अगं, मग मला सांगायचं ना!"

"तू हॉस्पिटलमधून आलास आणि पहिल्यांदा काय मागितलंस? विहिरीचं पाणी. काय सांगणार होते मी? वर या ॲश्टनचं स्लॅब-स्लॅब सुरू झालं." तिनं बशीत चहा ओतला. "तुझ्यापासून लपवलं, गल्लीपासून लपवलं. त्या गाडीचं डोक्यातच आलं नाही रे. अख्ख्या घरात विहिरीचं खरं पाणी ती एकटीच प्यायली."

झेवियरला तिचा राग आला नाही. त्याला तिची फार माया वाटली आणि ती दाखवता येईना, म्हणून त्यानं चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली.

ब्रेक बसले. मेकॅनिक चार दिवस विहिरीशी येत राहिला, आणि रोज दुपारी अँजेलिना त्याला माठातलं पाणी देत राहिली. ॲश्टनच्या लग्नासाठी शिवायला टाकायचा सूट झेवियरनं रद्द केला आणि स्वतःच्या लग्नातला काढला. त्याचं बटण लागत नव्हतं. ते उघडंच ठेवायची फॅशन आहे, असं तो सांगत सुटला.

पण त्याची झोप उडाली होती ती बटणापायी नव्हे. उंबराचं पाणी! ॲश्टनला त्याच पाण्यानं न्हाऊ घालणार. तोंडात गेलं तर? गल्लीसमोर, बँडसमोर, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर? एकदा तर त्याच्या मनात आलं, की पहाटे विहिरीत साखरेचं पोतं सोडावं. अँजेलिनानं त्याला विहिरीची खोली विचारली, तेव्हा तो विचार गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजत गल्लीतून निघाला. ॲश्टनची आई पुढे, मागे लुगडी नेसलेल्या बायका, त्यांच्यात अँजेलिना गुडघे विसरून नाचत होती. गाडी झेवियरनं मुद्दाम लांब नेऊन लावली होती आणि तिथून रिक्षा करून आला होता. कट्ट्याभोवती गाणी झाली, बादली खाली गेली, भरलेल्या कळशा डोक्यावर चढल्या. अंगणात ॲश्टनला पाटावर बसवलं. लग्नाआधी त्याला मस्करीनं नारळाचा रस, हळद, अंडं, जे हाताला येईल ते चोपडलेलं होतं. आईनं पहिला तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. दुसरा काकाचा मान.

झेवियरनं बेतानं, मानेवरून ओतायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मागून कोणी तरी त्याच्या हाताला धक्का दिला आणि सगळा तांब्या ॲश्टनच्या तोंडावर गेला. ॲश्टन नेमका हसत होता. तोंड उघडं होतं.

त्यानं घोट गिळला. त्याचा चेहरा आवळला, मग पसरला, मग डोळ्यांत पाणी आलं. झेवियरनं या सगळ्या पायऱ्या ओळखल्या आणि तो जागीच थिजला. ॲश्टननं ओठ चाटले, गल्लीच्या टोकाच्या विहिरीकडे पाहिलं, मग काकाच्या बटण न लागणाऱ्या सुटाकडे पाहिलं. त्या दिवशीचा लोटा त्याला आठवला असावा. शहाऐंशी हजारांचा आकडाही.

"काय रे," कोणी तरी म्हातारी ओरडली, "कसं आहे आपल्या विहिरीचं पाणी?"

"गोड आहे!" ॲश्टन मोठ्यानं म्हणाला.

बँडवाल्यानं ड्रम बडवला. बायकांनी पुढचं गाणं उचललं. झेवियरनं तांब्या खाली ठेवला आणि पुतण्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. ॲश्टननं त्याची मान धरून खाली ओढली आणि कानात सांगितलं,

"काका, गाडी मात्र नळाच्या पाण्यानं धुवा."